निरोगी नऊ

मामांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटाच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीतली पोरं त्यांना उंदीरमामा म्हणत, संशोधनसंस्थेतली माणसं नुसतं मामा, आणि त्यांच्या बायकोला, तिचा काही अपराध नसताना, सगळे मामी. कोपऱ्यावरचा न्हावी तर दाढी करताना दर खेपेला एकच विनोद करी. "मामा, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तुम्ही उंदीर पोखरून काय काढता हो?" गालावर वस्तरा असल्यामुळं मामांना हसता येत नसे, आणि न्हाव्याला वाटे विनोद नीट पोचला नाही. मग तो पुन्हा सांगे.

खरं उत्तर द्यायचं तर मामा म्हणाले असते, बाबा रे, माझ्याच घरातलं दुखणं काढतो. पण न्हाव्याला कशाला सांगा? दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं.

संस्थेच्या तळमजल्यावर दोन दारं ओलांडली की उंदीरघर लागे. पहिल्या दाराशी चपला सोडायच्या, दुसऱ्याशी डगला, टोपी, मास्क आणि हातमोजे चढवायचे. आत ओळीनं मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक डबे, डब्यांत लाकडाचा भुसा आणि भुशात उंदीर. बावीस वर्षं मामा तिथं भुसा बदलत, पाण्याच्या बाटल्या भरत, वजनं घेत आणि शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर धरत आले होते. पट्टी मशीनमध्ये सरकवली की साखरेचा आकडा दिसे. तसंच मशीन आणि तशाच पट्ट्या मामांच्या घरी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी असत.

साखरेचं दुखणं पुष्कळांना होतं, पण काही घरांत ते चांगल्या सडपातळ माणसांना तरुणपणीच गाठतं आणि बापाकडून लेकराकडं उतरतं. मॅडमनी, म्हणजे मामांच्या वरिष्ठ बाईंनी, हे त्यांना एकदा स्टुलावर बसवून समजावलं होतं. अंगात इन्सुलिन कसं करायचं याची कृती जनुकांत लिहिलेली असते, आणि अशा घरांत त्या कृतीतलं एक अक्षर चुकीचं पडलेलं असतं. तेच चुकीचं अक्षर मॅडमनी उंदरांच्या जनुकात मुद्दाम बसवलं होतं. उंदरांना साखर झाली. आता त्यांना एक नवी गोळी देऊन बघायची होती. लागू पडली तर पुढं कधीतरी माणसांच्या सुया सुटतील, अशी मॅडमना आशा होती.

मामांचा बाप त्याच दुखण्यानं गेला. तांब्यामागून तांब्या पाणी पीत काडीसारखा झाला, आणि लोक म्हणाले, काळजीनं खंगला. मामांना स्वतःला पंचविशीत साखर निघाली, ती गोळ्यांवर भागली. त्यांच्या धाकट्याला अकराव्या वर्षी निघाली, ती गोळ्यांवर भागेना. दिवसाला चार सुया. आता तो सोळाचा होता. "माझ्याकडूनच गेलंय ते त्याच्यात," असं मामा रोज एकदा तरी मनाशी म्हणत.

नाणं उडवावं तसं असतं ते. आईबापांतल्या एकाकडं चूक असली की प्रत्येक पिल्लाकडं ती येण्याची शक्यता निम्मी. उंदरांच्या अठरा पिल्लांत साधारण नऊ चुकीची निघत, नऊ बिनचूक. पिल्लं आईपासून तोडायच्या वयाची झाली की मामा त्यांच्या कानांना बारीक भोकं पाडीत. कुठल्या कानाला, किती आणि कुठं, यावरून पिल्लाचा नंबर कळे. कानाचा तो कणभर तुकडा वरच्या मजल्यावर तपासायला जाई, आणि गुरुवारी चष्मेवाली यादी आणून देई. चष्मेवाली म्हणजे मॅडमच्या हाताखाली शिकणारी मुलगी. यादीत डावीकडं चूक असलेले नंबर, उजवीकडं नसलेले. डावे मांडणीवर जायचे, कारण प्रयोग त्यांच्यावर. तुलनेला चार-दोन निरोगी लागत, ते आधीच बाजूला काढलेले असत. बाकीच्या निरोगी पिल्लांना तिथं जागा नव्हती आणि कामही नव्हतं. ती पेटीत जायची.

पेटी म्हणजे झाकणाची पारदर्शक पेटी. नळी जोडायची, हळूहळू वायू सोडायचा, पिल्लं झोपतात आणि उठत नाहीत. आता याला काय म्हणावं? सगळ्या जगात धडधाकट असलेलं बरं, आणि त्या एका खोलीत तेच जिवावर बेतायचं. मामांनी स्वतःपुरती एक पद्धत ठेवली होती. झाकण लावण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाचा कान बघायचा आणि नंबर मोठ्यानं म्हणायचा. नियमात असं काही नव्हतं. चष्मेवालीला सुरुवातीला हसू यायचं, पुढं ती हसेनाशी झाली. "जाताना निदान कुणी हाक तरी मारू दे," मामा म्हणत. आणि त्या हाकेमुळंच बावीस वर्षांत एकही चुकीचं पिल्लू पेटीत गेलं नव्हतं.

आता घराचं. धाकट्याचं सांगितलंच. त्याच्यावर एक थोरली होती, तेवीस वर्षांची. ती कशी आहे, असं कुणी विचारलं असतं तर मामा म्हणाले असते, "फार गुणाची. कधी त्रास म्हणून दिला नाही." आणि त्यांना वाटलं असतं, आपण केवढं कौतुक केलं! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि ही पोरगी रडणारी नव्हती. घरात जेवण मांडायचं ते धाकट्याची साखर बघून. त्याची साखर घसरली म्हणून तिच्या शाळेच्या बक्षीस-समारंभाला कुणी गेलं नाही. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी तो दवाखान्यात होता. ती एकटीच गेली, निकाल लागल्यावर एकटीच जाऊन बघून आली, आणि ती पहिल्या पाचांत आहे हे घरात दोन दिवसांनी शेजारणीकडून कळलं. एवढं असून धाकट्याच्या हाताला गार घाम सुटलेला सगळ्यांच्या आधी तिलाच कळायचा.

ती जमिनीची मोजणी शिकली आणि दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावी तिला नोकरी लागली. शनिवारी सकाळी अकराची बस होती. "आई, मी सुट्टीबिट्टीला येईन असं धरून चालू नकोस," असं तिनं मामीला सांगितलं. मामीनं ते धाकट्याच्या डब्याच्या गडबडीत अर्धंमुर्धं ऐकलं. मामांनी मात्र नीट ऐकलं. पोरगी कायमची चालली होती. तिला मागं वळून बघावंसं वाटेल असं आपण तिला काय दिलं, हे मामांनी रोज आठवून बघितलं, आणि रोज त्यांना काही सापडलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना थोरलीनं पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मी तपासणी करून घेतली," ती म्हणाली. "जनुकाची. माझ्यात नाहीये ते."

"अगं बाई! सुटलीस गं. चला, एक काळजी मिटली," मामी म्हणाली, आणि त्याच श्वासात धाकट्याकडं वळली. "तू किती युनिट घेतलंस रे? दुसऱ्यांदा बटाटा वाढून घेतोयस म्हणून विचारते."

"बरं झालं," मामा म्हणाले. "बरं झालं हं." आणि पाणी प्यायले.

धाकट्यानं पाकीट बघायला हात पुढं केला, तर मामीनं त्या हातात साखरेचं मशीन दिलं. पाकीट तसंच राहिलं. थोरलीनं दोन घास खाल्ले. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या उंदरांत माझ्यासारखे निघतात, त्यांचं काय करता हो तुम्ही?"

तिला माहीत होतं. ती दहा वर्षांची असताना मामांनीच तिला सगळं समजावलं होतं, तेव्हा ती तासभर रडली होती आणि मामांना त्याचं कौतुक वाटलं होतं. आता मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"जेव गं," ते म्हणाले.

"जेवतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अठरा पिल्लं होती, यादीही बरोबर नऊ-नऊची. मामांनी एकेक पिल्लू शेपटीच्या मुळाशी धरून उचललं, कान बघितला, यादी बघितली आणि डावी डाव्या डब्यात, उजवी उजव्या डब्यात घातली. इथवर सगळं ठीक. मग पेटीकडं वळायची वेळ आली आणि त्यांच्या कानात तेच सुरू झालं. माझ्यासारखे निघतात, त्यांचं काय करता हो तुम्ही? नंबर म्हणायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नंबर म्हटले नाहीत. एक डबा उचलला, पेटीत रिकामा केला, झाकण लावलं, वायू सोडला आणि पाठ फिरवून उभे राहिले. दुसऱ्या डब्याला प्रयोगाचं निळं कार्ड लावून तो मांडणीवर ठेवला. रजिस्टरमध्ये खूण केली, सही केली, घरी गेले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी निळ्या कार्डाचा डबा ओढला आणि ते जागच्या जागी थांबले. भुसा कोरडा होता.

हे उंदीरघरात नसलेल्या माणसाला कळायचं नाही. साखर झालेले उंदीर घटाघटा पाणी पितात आणि रात्रीतून डबा ओलाचिंब करून ठेवतात. त्यांच्या मांडणीशी गेलं की गोडसर, उग्र वास येतो. पहिल्या रात्रीच भुसा दबतो. हा भुसा हलका होता, भुरभुरत होता, आणि त्यात नऊ पिल्लं टुणटुणीत उड्या मारत होती. मामांनी एकाच्या शेपटीतून थेंब घेतला. एकशे एकतीस, उंदराच्या मानानं अगदी ठीक. दुसऱ्याचा, एकशे चोवीस. तिसऱ्याचा घ्यायची गरज नव्हती, तरी त्यांनी नवांचेही घेतले. सगळी निरोगी. ज्यांना गोळी देऊन बघायची होती ती नऊ काल पेटीत गेली होती.

मामा स्टुलावर बसले. नेमक्या तेव्हाच मॅडम आणि चष्मेवाली आत आल्या. मॅडमनी आकडे बघितले, भुसा बघितला.

"यादी चुकली दिसते," त्या चष्मेवालीकडं वळून म्हणाल्या. "डावं-उजवं उलटं लिहिलंस का?"

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आठवेना. मन लावून काम करणाऱ्या माणसालाच आपण चुकलो असं पटकन वाटतं, तसं तिचं झालं. "झालं असेल, मॅडम," ती पुटपुटली. "परवा मला जरा बरं नव्हतं."

मामा गप्प बसले असते तर निभावलं असतं. त्यांच्या मनात तसं येऊन गेलं, हेही सांगायला हवं, ते काही संत नव्हते. पण ती पोरगी थोरलीच्याच वयाची होती, आणि न केलेलं निमूटपणे अंगावर घेत होती.

"यादी बरोबर होती," मामा उठून म्हणाले. "डबे मी उलटे उचलले. काल मी नंबर म्हटले नाहीत."

मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या. बावीस वर्षांच्या नोकरीचा माणूस. ओरडावं की काय करावं त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. "नर-माद्या आहेत अजून," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा जुळवायचं, पिल्लं व्हायची, तपासायची, एका वयाची पुरेशी जमवायची. सात महिने, मामा."

"हो, मॅडम."

"का झालं असं?"

मामा रजिस्टर पुढं ओढून कालची खूण खोडायला लागले. घरात पोरीनं एक प्रश्न विचारला म्हणून, असं कुठल्या रजिस्टरात लिहितात?

जाताना मॅडम दाराशी थांबल्या. निळ्या कार्डाच्या डब्याकडं न बघता म्हणाल्या, "यांचं... नियम तोच."

त्या दुपारी मामांनी नवाच्या नऊ पिल्लांचे कान पाहिले आणि नंबर मोठ्यानं म्हटले. एक पिल्लू त्यांच्या मोज्याच्या बोटावर चढून मिशा हलवत बसलं, त्याला उतरवायला वेळ लागला. मग झाकण लावलं. कपडे बदलायच्या खोलीत आल्यावर मास्क काढला तेव्हा तो आतून ओला झाला होता. वाचवलेली नऊ त्यांनी एक दिवस जास्त जगवली, आणि ज्यांच्या जिवावर पोराची आशा होती ती नऊ घालवली. धड ना इकडं, धड ना तिकडं. मामा बाकावर बसून लहान पोरासारखे रडले.

घरी येऊन त्यांनी लपवलं नाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"म्हणजे पोराच्या औषधावर बापानंच पाणी ओतलं म्हणा की!" मामीचा आवाज चढला. "तुम्हाला एक काम धड जमू नये? एवढी वर्षं त्या उंदरांची उस्तवार केलीत, ती याच्यासाठी?"

धाकटा वर आढ्याकडं बघत हिशेब करत होता. "सात महिने, रोजच्या चार. साडेआठशे सुया झाल्या, बाबा. माझ्याच नावावर लिहा." कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या हो. गोळी माझ्यापर्यंत यायला तशीही दहा वर्षं आहेत. तोवर मी चाळणी झालेलो असेन." मामी त्याच्यावर खेकसली आणि पदराला डोळे पुसत आत गेली.

थोरली उठून आपल्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. मामा दाराशी जाऊन उभे राहिले. तिनं दोन सदरे घड्या करून ठेवले, मग पाठमोरीच विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"नाही गं. म्हणजे..." मामा अडखळले. "मला माहीत नाही. शप्पथ, मला स्वतःलाच माहीत नाही."

"मग ती निरोगी नऊ?"

"आज दुपारी."

"म्हणजे शेवटी गेलीच."

"हो."

तिनं बॅगेची चेन लावली. चेन मधेच अडकली, ती ओढत राहिली. मामा मदतीला पुढं झाले तर म्हणाली, "राहू द्या, मी करते." तिनं ती केलीही.

शनिवारी सकाळी सव्वादहाला थोरली बूट घालून, बॅग दाराशी ठेवून, निघायच्या बेतात होती. मामी तिला वाटेत खायला द्यायला पाव बांधत होती. धाकटा बहिणीची बॅग उचलायला आला आणि बॅगेशीच उभा राहून उगीच हसायला लागला.

थोरलीनं त्याचा हात धरला. "साखर पडलीय," ती म्हणाली. बाकीच्यांना कळायच्या आत तिनं त्याला जमिनीवर बसवलं होतं, फडताळातलं साखरेचं पाणी त्याच्या तोंडाला लावलं होतं आणि त्याचं डोकं छातीशी घेतलं होतं. "गिळ. हं, अजून एक. गिळ रे." मामी "अगं बाई, अगं बाई" करत नुसती येरझाऱ्या घालत होती. मामांनी थेंब काढून पट्टी लावली. अठ्ठेचाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा लावली, एकसष्ट. आणखी पाच मिनिटांनी शहात्तर. धाकट्याच्या तोंडावर रंग आला, आणि त्यानं सगळ्यांकडं ओशाळून बघितलं.

थोरलीनं घड्याळ बघितलं. मग ती मुकाट्यानं बुटाची नाडी सोडायला लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "उद्याची बस बघते."

"हो गं बाई, आजच्या दिवस राहा," मामी सुटल्यासारखी म्हणाली. "तू असलीस की मला धीर असतो. आणि सोमवारी याला डॉक्टरकडं न्यायचंय, ते झालं की मग जा ना."

मामांनी पोरीच्या हाताकडं बघितलं. ती एक बूट काढून दुसऱ्याची गाठ सोडत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. आज उद्यावर जाणार, उद्या सोमवारवर, आणि मग ते नोकरीवाले दुसऱ्या कुणाला घेणार. हे सगळं घरातल्या घरात, प्रेमानं, कुणाचाही वाईट हेतू नसताना होणार. मामांना एकदम पेटीचं झाकण लावतानाचा आवाज आठवला.

"ऊठ," ते म्हणाले.

"बाबा, असू द्या..."

"ऊठ म्हणतो ना! घाल तो बूट." मामांनी तिची बॅग उचलली.

"अहो, पोराला असं टाकून चाललात?" मामी ओरडली.

"पोराजवळ तू आहेस. त्याची साखर चढतेय. मशीन तिथं आहे, साखर इथं आहे, आणि तो सोळा वर्षांचा घोडा झालाय." एवढ्या मोठ्यानं मामा कधी बोलत नसत. "ह्या पोरीजवळ कोण आहे? सांग ना, आजवर कोण होतं?"

जमिनीवर बसलेला धाकटा म्हणाला, "ताई, जा गं. मी बरा आहे. जा, नाहीतर हे दोघं भांडून माझी साखर वाढवतील."

बसथांब्यापर्यंत दोघं धावतच गेली. पोचली तेव्हा अकराला दहा कमी होते. थांब्याच्या बाकावर ऊन होतं, तरी दोघं तिथंच टेकली. जवळच एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. मामांना धाप लागली होती. धाप ओसरायची वाट न बघता ते बोलायला लागले, कारण थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"तू पाकीट ठेवलंस ना टेबलावर, तेव्हा मी उठून तुला जवळ घ्यायला हवं होतं. घरभर नाचायला हवं होतं मी. माझी एक पोर सुटली! आणि मी पाणी प्यालो."

थोरली समोर रस्त्याकडं बघत होती. "मग का नाही घेतलंत?"

"धाकट्यासमोर लाज वाटली. एका लेकराला मी हे दुखणं दिलं. त्याच्यासमोर दुसरीचं कौतुक कुठल्या तोंडानं करू? त्याला लागेल, म्हणून तुला कधी चांगलं म्हटलंच नाही. बारा महिने, चोवीस तास, त्याला लागेल, त्याला लागेल. तुला लागत असेल हे डोक्यातच आलं नाही गं."

तिनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "एकदा मी दोन दिवस जेवले नव्हते. खोटंच. पोटात दुखतंय म्हणून पडून राहिले होते. मला वाटलं, तुम्ही शेपटीतून काढता तसा माझाही थेंब काढाल, आकडा बघाल. तुम्ही काय म्हणालात आठवतं?"

मामांना आठवत नव्हतं.

"म्हणालात, तुला काय धाड भरलीय." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "खरंच होतं ते. मला कधीच धाड भरली नाही."

"चुकलो," मामा म्हणाले. "चुकलो गं पोरी." आणि वर्तमानपत्रवाल्या म्हाताऱ्याची पर्वा न करता त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. ती आधी ताठ बसून राहिली. मग तिचा भार त्यांना जाणवला. तेवीस वर्षांच्या माणसाचं डोकं इतकं जड असतं, हे मामांना माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं. मामांना धाकट्याच्या गेल्या महिन्याचे आकडे तोंडपाठ होते, मांडणीवरच्या दोनशे उंदरांची वजनं माहीत होती. पोरीच्या कामाची त्यांना काडीची माहिती नव्हती.

"तू तिकडं नेमकं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"मोजणी."

"ते कळलं. म्हणजे काय? सकाळी गेलीस की हातात काय घेतेस?"

तिनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. उगीच विचारताहेत का खरंच, हे तिला बघायचं होतं. मग ती हळूहळू सांगायला लागली. तीन पायांचं यंत्र असतं, ते आधी अगदी समतल करायचं, त्याचाच निम्मा वेळ जातो. एक माणूस लांब आकड्यांची काठी धरून उभा राहतो. त्या गावामागं डोंगर आहे आणि त्याच्या उतारावरून रस्ता न्यायचा आहे. डोंगराची उंची वर न चढताही काढता येते, दोन ठिकाणांहून कोन घेतले की.

"आणि काठीवाला हलला तर?" मामांनी विचारलं.

"तर सगळं चुकतं!" ती त्यांच्याकडं पूर्ण वळून म्हणाली. "शिकत असताना आमचा काठीवाला शिंकला होता एकदा. आख्खं तळं आम्ही टेकडीवर दाखवलं."

मामा हसले. तीही हसली. तेवढ्यात बस आली, ब्रेकचा आवाज झाला, दार उघडलं. वर्तमानपत्रवाला म्हातारा घडी घालून चढला. मामांनी बॅग उचलली. त्यांनी स्वतःला बजावलं होतं की अडवायचं नाही. "चल," ते म्हणाले. "जागा पकड."

थोरली उठली. बसच्या पायरीकडं दोन पावलं गेली, मग वळून तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. ते अजून ऐकत असल्यासारखे उभे होते.

"पुढची कितीला आहे हो?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"साडेबाराला. येताय का नाही?"

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि परत येऊन बाकावर बसली. बॅग तिनं दोन पायांच्या मधे ठेवली. "हं. तर ते तळं. आधी सांगते, चूक माझी नव्हती."